वर्षभरात सापडलेल्या सिरीज : तुम्ही सगळे मला जे विचारता त्याची एकदाच उत्तरं

शनिवारी संध्याकाळी फोन वाजला की मला कळतंच. नणंद असते नाहीतर मावशी नाहीतर ऑफिसातली कोणीतरी, आणि प्रश्न एकच, "अगं काहीतरी चांगलं सांग ना बघायला." मग मी अर्धा तास बोलते, पलीकडून "हो हो बघतो" होतं आणि पुढच्या शनिवारी परत तोच फोन. म्हणून एकदाच बसून लिहून काढलं. गेल्या दिवाळीपासून या दिवाळीपर्यंत मला सापडलेल्या सिरीज आहेत या. सापडलेल्या म्हणजे मला आत्ता सापडलेल्या, त्यातल्या काही जगाला केव्हाच माहीत होत्या, त्याला मी काय करू.

तू सिरीज निवडतेस तरी कशी?

माझी चाळणी एकच आहे, सिरीजमधली माणसं कामाला जातात का? हसू नका, खरंच सांगतेय. आमच्याकडे संध्याकाळी सात ते साडेनऊ सासूबाईंच्या मालिका लागतात. त्यात केवढी मोठी कंपनी असते, करोडोंची टेंडरं असतात पण टेबलाशी बसून काम करताना कोणी म्हणजे कोणी दिसत नाही, सगळे भरजरी नेसून जिन्यात उभे, आणि मग एका रात्रीत एका सहीवर अख्खी कंपनी दुसऱ्याच्या नावावर. मी पतसंस्थेत कर्ज विभागात बसते, बावीस वर्षं झाली, एका सहीवर काहीही होत नाही हो, साधं पन्नास हजाराचं कर्ज काढायला दोन जामीनदार आणि झेरॉक्सचा गठ्ठा लागतो. तर ज्या सिरीजमध्ये माणसाचं काम नीट दाखवलंय, साहेब कसा बोलतो, फाईल कुठे अडकते, हात काय करतायत, तिथे बाकीचं प्रेम-भांडण-खून पण सहसा पटणारं असतं असा माझा अनुभव आहे.

दुसरी परीक्षा दुधाची. रात्री दूध तापत ठेवून टीव्हीसमोर बसते. उतू गेलं तर सिरीज पास.

यादी नको, एकच नाव सांग.

चेर्नोबिल. २०१९ ची आहे, पाचच भाग. मी "अणुभट्टीचं काय बघायचं, आधीच डोक्याला ताप कमी आहेत का" म्हणून चार-पाच वर्षं टाळली होती, आणि शेवटी लावली ती पण आमच्या ह्यांच्या हट्टापायी. हे नाशकात अंबडला एका मशीन शॉपमध्ये शिफ्ट सुपरवायझर आहेत आणि एरवी टीव्हीसमोर बसले की दहाव्या मिनिटाला घोरायला लागतात. त्या दिवशी नाही घोरले.

तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमधल्या चेर्नोबिल अणुवीज प्रकल्पात स्फोट झाला २६ एप्रिल १९८६ ला रात्री १ वाजून २३ मिनिटांनी, आणि पहिल्या भागाचं नावच ती वेळ आहे, सेकंदासकट. पण खरी मजा (मजा कसली, काटा येतो अंगावर) शेवटच्या भागात आहे. कोर्टात तो शास्त्रज्ञ लेगासोव्ह लाल आणि निळ्या पाट्या एकेक करून फळीत खोचत जातो, लाल म्हणजे भट्टीची ताकद वाढवणारं, निळी म्हणजे कमी करणारं, आणि निळ्या पाट्या एकेक करून काढल्या जातात आणि तुम्हाला कळतं की आता काय होणार. फिजिक्समध्ये मी काठावर पास झाले होते, मला सुद्धा सगळं समजलं. त्या रात्री भट्टीची एक चाचणी चालली होती, ती खरं तर आदल्या दिवशी दुपारी व्हायची होती, पण कीव्हच्या ग्रिडवाल्याने सांगितलं की आत्ता वीज कमी करू नका, मग ती लांबत लांबत रात्रपाळीवर गेली, आणि रात्रपाळीला तयारीच नव्हती, पॅनलसमोर २५ वर्षांचा पोरगा आणि मागे उभा राहून ओरडणारा साहेब. हे ऐकल्यावर आमचे हे एकदम उठून उभेच राहिले. म्हणाले, "दिवसपाळीने तयारी करायची आणि रात्रपाळीच्या गळ्यात मारायचं, सगळीकडे हेच." मग गॅलरीत जाऊन बराच वेळ उभे होते. दूध? दूध त्या दिवशी पातेल्याला करपलं.

शूटिंग लिथुआनियातल्या इग्नालिना नावाच्या बंद पडलेल्या प्रकल्पात पण झालंय, तिथली भट्टी त्याच जातीची होती. आणि आइसलंडच्या हिल्दुर गुद्नादोत्तिर या संगीतकार बाईंनी त्याच प्रकल्पात जाऊन तिथले आवाज रेकॉर्ड केले आणि त्यातून पार्श्वसंगीत बनवलं. म्हणून ते संगीत वाटतच नाही, पंपघरात उभं राहिल्यासारखं वाटतं.

एक सांगून ठेवते, सगळं जसंच्या तसं घडलेलं नाहीये. ती धडाडीची महिला शास्त्रज्ञ काल्पनिक आहे, अनेक शास्त्रज्ञांचं मिळून एक पात्र केलंय, आणि खरा लेगासोव्ह त्या खटल्याला हजर नव्हता. चौथ्या भागात गावात राहिलेल्या कुत्र्यांचं एक प्रकरण आहे, प्राणी पाळणाऱ्यांनी तिथे सरळ पुढे पळवा. मी पळवलं.

घरात सगळे सोबत बसून बघतील असं काय आहे? रिमोट हातात धरून बसायला लागू नये.

गुल्लक. उत्तरेतल्या एका छोट्या गावातलं मिश्रा कुटुंब, बाप वीज खात्यात कारकून, दोन पोरं, आणि गोष्ट सांगतो कोण तर घरातला मातीचा गल्ला. आईचं काम गीतांजली कुलकर्णीने केलंय, आपली मराठी, 'कोर्ट' सिनेमात सरकारी वकील होती तीच. तिचं हिंदी ऐकून माझी भाची मानायलाच तयार नव्हती की ही बाई मराठी आहे. एका सीझनमध्ये पाचच भाग, अर्ध्या तासाच्या आसपास, जेवता जेवता संपतो. घडत काहीच नाही. शेजारीण येते, बिल येतं, रिझल्ट लागतो, बापाला बोनस मिळतो का नाही... आणि तरी आमच्याकडे तिसऱ्या सीझनला सगळे डोळे पुसत होते, कोणी कोणाकडे बघत नव्हतं.

पंचायत तर सगळ्यांनीच बघितलीय, ती पण तू आत्ता बघितलीस?

हो बाई, आत्ता बघितली. २०२० ला आली, २०२५ च्या जूनमध्ये चौथा सीझन आला तेव्हा ऑफिसात सगळे त्याच गप्पा मारत होते आणि मी डबा खात गप्प. म्हणून पहिल्यापासून धरली.

ज्यांनी नाही बघितली त्यांच्यासाठी : शहरातला इंजिनीअर पोरगा, दुसरी नोकरी मिळेना म्हणून उत्तर प्रदेशातल्या फुलेरा गावात पंचायत सचिव होतो, पगार वीस हजार, रात्री कॅटचा, म्हणजे एमबीएच्या प्रवेश परीक्षेचा अभ्यास. गाव खोटं आहे, शूटिंग मध्य प्रदेशात सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालंय. प्रधान, म्हणजे आपला सरपंच, कागदावर बाई, कारभार बघतो नवरा. आता हे आपल्याला कोणी नवीन सांगायची गरज आहे का? आपल्याकडे स्थानिक संस्थांत बायकांना ५० टक्के आरक्षण आहे आणि तरी सरपंचांच्या शेजारी 'सरपंच पती' नावाचं पद बिनबोभाट चालू असतं.

आमचे चुलत सासरे ग्रामसेवक म्हणून रिटायर झाले. त्यांना मी मुद्दाम तो खुर्चीचा भाग लावून दिला. सचिव स्वतःसाठी चाकांची फिरती खुर्ची आणतो, आता प्रधानापेक्षा सचिवाची खुर्ची भारी कशी चालेल, आणि त्यात गावात वरात येते तर नवरदेवाला पण तीच खुर्ची पाहिजे. सासरे पोट धरून हसले आणि मग म्हणाले, "आमच्याकडे पंख्यावरून झालं होतं." बस, एवढंच. पुढे कितीदा विचारलं तरी सांगितलं नाही पंख्याचं काय झालं.

माझं मत विचाराल तर पहिले दोन सीझन सोनं. पुढे राजकारण वाढलं, निवडणूक, गटबाजी, आणि ऑफिसातलं काम कमी झालं. मला ते काम बघायला आवडत होतं. दुसऱ्या सीझनच्या शेवटच्या भागाला रुमाल घेऊन बसा.

मराठीत काहीच नाही का गं?

आहे की. मानवत मर्डर्स बघा, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सोनी लिव्हवर आली. परभणी जिल्ह्यातलं मानवत, सत्तरच्या दशकाची सुरुवात, लागोपाठ खून, आणि मुंबईहून तपासाला आलेले रमाकांत कुलकर्णी. कुलकर्णींचं काम आशुतोष गोवारीकरने केलंय, आणि मकरंद अनासपुरे, सोनाली कुलकर्णी, सई ताम्हणकर सगळे आहेत. दिग्दर्शक आशिष बेंडे.

मला त्यातला तपास आवडला. गोळीबार नाही, गाडीचा पाठलाग नाही, एक माणूस शांतपणे तेच प्रश्न परत परत विचारतोय आणि समोरचा प्रत्येक वेळी थोडं वेगळं सांगतोय. आम्ही थकीत कर्जदाराच्या घरी जातो तेव्हा असंच असतं. अनासपुरेला मी आयुष्यभर विनोदी बघत आले, इथे तो घरात आला तरी भीती वाटते. फक्त हे खरंच घडलेलं आहे आणि लहान मुलींचे खून आहेत, त्यामुळे रात्री एकटीने बघू नका आणि मुलांना तर अजिबात नको.

आम्हाला सबटायटल वाचायचा फार कंटाळा येतो, काय करू?

सासूबाईंना विचारा. त्यांना इंग्लिश येत नाही, चष्मा लावून पण खालचं वाचायचा प्रश्नच नाही, आणि वर्षभरात त्यांना सगळ्यात आवडलेली सिरीज कोरियन आहे. रिप्लाय १९८८. सोलमधल्या एका गल्लीत राहणारी पाच कुटुंबं आणि त्यांची पाच पोरं. पहिल्याच भागात संध्याकाळी प्रत्येक आई आपल्या पोराला वाडगा देऊन शेजारी पाठवते, याच्या घरचं त्याच्या घरी, त्याच्या घरचं हिच्या घरी, आणि पोरं गल्लीत एकमेकांना आडवी जातायत हातात वाडगे घेऊन. सासूबाई नाशकातच भद्रकालीत वाड्यात वाढलेल्या. म्हणाल्या, "रिकामी वाटी परत देत नाहीत ना हे पण." त्यांना कोणी सांगितलं होतं?

आणि मग त्यातल्या मुलीचा बाप. बँकेत नोकरी, चांगला पगार, पण घर मालकाच्या घराखालच्या तळघरात, कारण मित्राच्या कर्जाला जामीन राहिला आणि मित्र बुडाला. मी हे समजावून सांगायच्या आतच सासूबाई बोलल्या, "हा कोणाला तरी जामीन राहिलेला दिसतोय." माणूस दारू पिऊन घरी येताना गल्लीतल्या म्हातारीकडून नको असलेली वस्तू विकत घेतो त्यावरून ओळखलं त्यांनी. माझी बावीस वर्षांची नोकरी आणि मी सबटायटल वाचत बसले होते! वीस भाग आहेत आणि एकेक भाग दीड तासाच्या घरात, तेवढी तयारी ठेवा. पहिले दोन भाग आरडाओरडा फार वाटतो, तिसऱ्यापासून घरचेच वाटतात.

वाचायची तयारी असेल तर दुसरी, शोगुन. २०२४ ची, दहा भाग, इसवी सन १६०० चा जपान, बहुतेक सगळं जपानीत. एम्मी नावाचं जे मोठं टीव्हीचं बक्षीस असतं ती एका वर्षात १८ मिळाली, एका सीझनसाठी एवढी कोणालाच मिळाली नव्हती. लढाया बघायला म्हणून बसाल तर थोडी निराशा होईल, कारण खरी लढाई बोलण्यात आहे. मारिको नावाची बाई दुभाषी आहे. इंग्रज खलाशी काहीतरी उर्मट बोलतो, ती क्षणभर थांबते, आणि सरदाराला वेगळंच, गोड करून सांगते. सरदार बोलतो ते खलाशाला सांगताना परत थोडं कापते. आपल्याला खाली दोन्ही वाचायला मिळतं, त्या दोघांना नाही. दोन नणंदांच्या मध्ये बसलेल्या मधल्या जावेचं काम आहे हे, मी फार मन लावून बघितलं.

मुलगा नववीत आहे. अ‍ॅडोलेसन्स त्याच्यासोबत बघू का?

आधी तुम्ही एकटे बघा, मग ठरवा. १३ वर्षांच्या जेमीला पोलीस पहाटे दार फोडून घेऊन जातात, वर्गातल्या मुलीच्या खुनाचा संशय. चारच भाग, २०२५ च्या मार्चमध्ये आली, आणि प्रत्येक भाग एकाच शॉटमध्ये घेतलाय, म्हणजे कट नाहीच कुठे, कॅमेरा चालू झाला की तासाभराने बंद. दुसऱ्या भागाच्या शेवटी तोच कॅमेरा ड्रोनला अडकवून गावावरून उडवत नेलाय आणि परत खाली आणलाय. मला हे सगळं नंतर कळलं, बघताना फक्त एवढंच जाणवत होतं की श्वास घ्यायला जागा मिळत नाहीये.

तिसऱ्या भागात जवळजवळ अख्खा वेळ दोनच माणसं, जेमी आणि त्याच्याशी बोलायला आलेली मानसशास्त्रज्ञ. ती त्याला गरम चॉकलेट आणि आपल्यातलं अर्धं सँडविच देते. त्या अर्ध्या सँडविचकडे बघत रहा, एवढंच सांगते. जेमी झालेल्या ओवेन कूपरने आधी कधी ॲक्टिंग केली नव्हती, या कामासाठी १५ व्या वर्षी त्याला एम्मी मिळालं आणि ॲक्टिंगचं एम्मी मिळवणारा तो सगळ्यात लहान मुलगा ठरला.

माझ्या डोक्यातून जात नाही तो मात्र बाप. प्लंबर आहे. सरळ, कष्टाळू, पोराला कधी हात न लावलेला. शेवटच्या भागात त्याच्या कामाच्या गाडीवर कोणीतरी रंगाने घाण लिहितं आणि हा आपल्या वाढदिवसाच्या दिवशी ते घासत बसतो. मी आणि हे दोघंही भाग संपल्यावर मुलाच्या खोलीशी गेलो, दार बंद, खालून मोबाईलचा उजेड. ठोठावलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला विचारलं की सिरीजमध्ये दाखवलेत तसे इमोजीचे वेगवेगळे अर्थ असतात का रे, तर म्हणाला, "आई तुला आत्ता कळलं?" आणि मग पाऊण तास बोलला, जो एरवी "हं" आणि "नाही" वर दिवस काढतो.

आणि लहान मुलांना काय लावू?

ब्लूई. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनची, कुत्र्यांचं कुटुंब, सात मिनिटांचा भाग. फुगा जमिनीला लागू द्यायचा नाही एवढ्यावर एक अख्खा भाग आहे. बाबा पुरातत्ववाले आणि आई विमानतळावर सिक्युरिटीत, म्हणजे बघा, कार्टूनमधली कुत्री पण कामाला जातात.

वहिनी, हे सगळं रडारडीचं झालं. थ्रिलर सांगा.

हा प्रश्न धाकट्या दिराचा. दोन सांगते.

स्लो हॉर्सेस. इंग्लंडच्या गुप्तहेर खात्यात ज्यांनी कामात माती खाल्ली त्यांना काढता येत नाही म्हणून एका पडक्या ऑफिसात पाठवतात आणि कंटाळून राजीनामा देतील याची वाट बघतात. आपल्याकडे साइड पोस्टिंग म्हणतात तेच. साहेब जॅक्सन लॅम्ब, म्हणजे गॅरी ओल्डमन, टेबलावर पाय, मोज्याला भोक, आणि अंघोळीशी त्याचं काही जमत नसावं. हीरो पहिल्याच भागात एका पत्रकाराच्या कचऱ्याच्या पिशव्या जमिनीवर पसरून चिवडत बसलेला आहे, मला तिथेच आवडली. सीझन सहा भागांचा, दोन रात्रीत संपतो. टायटल गाणं मिक जॅगरने गायलंय.

दुसरी ब्लॅक वॉरंट, सात भाग, नेटफ्लिक्सवर. १९८० च्या दशकातलं तिहार जेल, आणि तिथे नव्याने लागलेला अंगाने किरकोळ, मऊ बोलणारा जेलर. सुनील गुप्ता नावाच्या खऱ्या जेलरच्या पुस्तकावरून केलीय, काम केलंय झहान कपूरने, शशी कपूरचा नातू. रंगा-बिल्ला या दोन खुन्यांच्या फाशीचा भाग आहे त्यात. फाशी म्हणजे पण शेवटी ऑफिसचं काम, दोर मागवा, वजन घ्या, कागद भरा, आणि ते करणाऱ्या माणसाचं घरी जेवण उतरत नाही.

एवढ्या ॲपचे पैसे कोण भरणार?

सगळी एकदम घेऊच नका. एका महिन्याला एक. त्या महिन्यात त्या ॲपवरचं जे ठरवलंय ते बघून घ्यायचं, बंद करायचं, पुढच्या महिन्यात दुसरं. स्लो हॉर्सेस ॲपल टीव्हीवर, पंचायत प्राइमवर, गुल्लक आणि मानवत सोनी लिव्हवर, अ‍ॅडोलेसन्स आणि रिप्लाय नेटफ्लिक्सवर, चेर्नोबिल आणि शोगुन मी जिओहॉटस्टारवर बघितल्या. आणि घेतल्या घेतल्या पहिलं काम म्हणजे ऑटोपे बंद करा. मी एका ॲपचं विसरले, चार महिने पैसे जात होते, कळलं कधी तर पासबुक भरायला गेले तेव्हा. लोकांचे हप्ते चुकले की मीच नोटिसा काढते, त्यामुळे घरात हा विषय अजून निघतो.

अर्धवट सोडलेली कोणती?

द वायर. दोनदा सोडली. अमेरिकेतलं बाल्टिमोर शहर, पोलीस आणि ड्रग्जवाले, पाच सीझन, ६० भाग, भाषा कळत नाही, माणसं पन्नास. तिसऱ्यांदा धरली तेव्हा कागदावर नावं लिहून बसले आणि आता दुसऱ्या सीझनला बंदरावरच्या कामगारांपाशी आलेय. कंटेनर कमी झाले, युनियनला काम नाही, जुने लोक रोज हजेरी लावून हात हलवत परत जातायत. सावकाश चाललंय, आठवड्याला दोन भाग.

हे सगळं बघायला तुला वेळ कधी मिळतो?

पावणेदहाला. सासूबाईंची शेवटची मालिका संपते, ओटा पुसून होतो, मग एक तास माझा. आता त्यात पण वाटेकरी आलाय, कारण रिप्लाय संपल्यापासून सासूबाई खोलीत जातच नाहीत. परवा मी बंदरवाली लावली तर पाच मिनिटं बघितली आणि म्हणाल्या, "यांना पगार कधी मिळतो?" मी म्हटलं अजून दाखवलं नाहीये. "मग बघू," म्हणाल्या आणि पाय वर घेऊन बसल्या. गॅसवर दूध होतं, दोघींपैकी कोणी उठलं नाही.